गोळेश्वरचा खाशाबा : तांबड्या मातीपासून हेलसिंकीपर्यंत

दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात कुस्तीसाठी एक बंदिस्त क्रीडागार आहे. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या, तेव्हा त्याला ‘के. डी. जाधव’ हे नाव देण्यात आले. त्या वास्तूवरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. त्यांत आपली मराठी माणसेही पुष्कळ असतात. पण के. डी. म्हणजे कोण, असे एखाद्या मुलाने विचारले तर किती जणांना चटकन उत्तर देता येईल? के. डी. म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. गाव गोळेश्वर, तालुका कऱ्हाड, जिल्हा सातारा. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा हा मराठी मल्ल.

१९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले, ही गोष्ट निदान आपल्या वयाच्या मंडळींनी शाळेत ऐकलेली असते. पण पदक ही शेवटची ओळ झाली. एका खेड्यातला, अंगाने किरकोळ दिसणारा मुलगा तिथपर्यंत वाढला कसा, त्याला कोणी वाढवले आणि कोणी वाऱ्यावर सोडले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. महाराष्ट्राबाहेर राहून आपापल्या मुलांना खेळाच्या वर्गांना नेणाऱ्या-आणणाऱ्या आपल्यासारख्या पालकांनी खरे तर तीच गोष्ट जाणून घ्यायला हवी. म्हणून हा लेखनप्रपंच.

रेवडीची कुस्ती

पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यात मारुतीच्या देवळाशेजारी तालीम असणे ही पूर्वी नवलाची गोष्ट नव्हती. आत तांबड्या मातीचा हौदा, भिंतीशी करेल आणि गदा, कोनाड्यात बजरंगबली, एवढाच सरंजाम. हौद्यातली माती नुसती माती नसते. ती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस कालवला जातो, म्हणजे ती मऊ राहते आणि अंगाला बाधत नाही. पहाटे उठून ती खणायची, हौदा मऊ करायचा, मग जोर-बैठका मारायच्या आणि मग लढायचे, असा क्रम. नव्या पोराच्या वाट्याला पहिले काही महिने लढण्यापेक्षा माती खणणेच जास्त येई. वस्ताद म्हणत तेच खरे शिक्षण. हात, खांदे आणि कंबर त्यातच घडते आणि मुख्य म्हणजे अहंकार मुरतो.

त्यानंतर यायची गावची जत्रा. जत्रेच्या फडात हलगी कडाडू लागली की सगळ्यात आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागत. इनाम काय, तर मूठभर रेवड्या नाहीतर नारळ. म्हणून तिला नावच ‘रेवडीची कुस्ती’. त्या वेळी वजनाचा काटा नव्हता की जन्माचा दाखला नव्हता. गावातली चार जाणती माणसे पोरांना शेजारी शेजारी उभी करत, खांद्याला खांदा लावून बघत आणि ‘ही जोड बरोबर आहे’ असे म्हणून कुस्ती लावून देत. रेवडीनंतर काही आण्यांची, मग रुपयांची, मग फेट्याची आणि सर्वांत शेवटी नावाजलेल्या पैलवानांची मोठी निकाली कुस्ती. म्हणजे एकाच दुपारी, एकाच मैदानात पोराला आपल्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांची सगळी पायरीन् पायरी डोळ्यांनी दिसत असे. आपण आज कुठे आहोत आणि उद्या कुठे जायचे आहे, हे त्याला कोणी भाषण करून सांगावे लागत नसे.

आणखी एक गोष्ट या फडात पोर शिकत असे. हरणे. चारचौघांत, गावासमोर, आई-बापासमोर पाठीला माती लागायची. मग उठायचे, ज्याने पाडले त्याच्या पाठीवर थाप मारायची, मातीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हौद्यात उतरायचे. आजच्या मुलांना एका परीक्षेत चार गुण कमी पडले तर घरात सुतक असते. हे लक्षात घेतले म्हणजे तालमीची ही शिकवण किती मोलाची होती ते कळते.

घर, शाळा आणि चळवळ

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान. पाच भावंडांत खाशाबा सगळ्यांत धाकटे. शेतकरी घर, कुस्तीचा नाद पिढीजात. वडिलांनी त्यांना पाचव्या वर्षीच मातीत उतरवले. पुढे आठ वर्षांचे असताना त्यांनी परिसरातल्या एका नावाजलेल्या पोराला दोन मिनिटांत चीत केले, अशी आठवण त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते.

१९४० ते १९४७ ही वर्षे कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये गेली. शाळेत त्यांनी नुसती कुस्तीच केली असे नाही. पोहणे, धावणे, मल्लखांब, वजन उचलणे, हातोडाफेक, सगळ्यांत त्यांची गती होती. हा मुद्दा मुद्दाम सांगण्यासारखा आहे. हल्ली सातव्या-आठव्या वर्षी मुलाला एकाच खेळाला जुंपण्याची घाई दिसते. खाशाबांचे अंग मात्र अनेक खेळांनी घडले. मल्लखांबाने पकड आणि लवचीकपणा दिला, पोहण्याने दमसास दिला, धावण्याने पाय दिले. पुढे मॅटवर मोठमोठ्या धिप्पाड मल्लांना ते चपळाईने चकवत, त्याचे बीज इथे होते. मल्लखांबाची विद्या दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणली, कुस्तीगिराच्या अंगमेहनतीला पूरक म्हणून ती वाढली, हेही या संदर्भात आठवावे.

त्याच सुमारास देशात १९४२ ची चळवळ पेटली. सातारा जिल्हा तर पत्री सरकारामुळे सगळ्या देशात गाजला. शाळकरी खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, पत्रके पोचवणे अशी कामे केली. त्या पिढीच्या मुलांना देश म्हणजे नकाशावरचा आकार नव्हता. तो गावात, घरात आलेला होता. पुढे परदेशी मॅटवर उभे राहताना छातीवरच्या ‘इंडिया’ या अक्षरांचे वजन या मुलाला का जाणवले असेल, ते यावरून समजते.

कोल्हापूरची पुण्याई

शाळा संपवून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कुस्ती आणि कोल्हापूर यांचे नाते सांगायचे तर राजर्षी शाहू महाराजांपासून (१८७४-१९२२) सुरुवात करावी लागते. महाराज स्वतः बलदंड शरीराचे आणि कुस्तीचे मोठे शौकीन. १९०२ साली युरोपच्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने प्रेक्षागार पाहिले आणि परत आल्यावर कुस्तीसाठी खासबागेत तसेच गोल मैदान बांधून घेतले. १९१२ साली ते पूर्ण झाले. मध्ये हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे कुठेही बसा, कुस्ती स्पष्ट दिसते. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमींनी पिढ्यान् पिढ्या मल्ल घडवले. जातपात, धर्म न पाहता पैलवानांना आश्रय देणे, खुराक देणे, मैदाने भरवणे हे दरबाराचे कामच होऊन बसले.

आणि हो, आपल्या या उत्सवाशीही त्याचा धागा आहे. कोल्हापुरात आजही कित्येक गणेश मंडळांच्या नावात ‘तालीम मंडळ’ हे शब्द दिसतात. जी पोरे वर्षभर हौद्यात घुमत, तीच भाद्रपदात गणपती बसवत. तालीम आणि मंडळ या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

मराठी मल्ल ऑलिंपिकला प्रथम गेले तेही याच पार्श्वभूमीवर. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्पला भारताचा पहिला छोटा संघ गेला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याशी संबंध असलेले सर दोराबजी टाटा यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. त्या संघात नवले आणि शिंदे हे दोन मराठी कुस्तीगीर होते. म्हणजे खाशाबांच्या आधी तीन दशके ही वाट कोणीतरी चालून गेले होते.

राजाराम कॉलेजातली एक आठवण मोठी बोलकी आहे. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी खाशाबांनी नाव द्यायचे ठरवले. पण त्यांची बेताची उंची आणि शिडशिडीत अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला. ते थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या पोराने एकामागून एक कुस्त्या मारल्या. बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान आपल्या काखेत अडकवून, कमरेच्या झटक्याने त्याला उचलून आपटायचे. यात ताकदीपेक्षा वेळ साधणे महत्त्वाचे. अंगाने लहान असलेल्या मल्लाने नेमका हाच डाव आपला करावा, यात त्याची अक्कल दिसते.

लंडन, १९४८

पुढच्या वर्षी लंडनचे ऑलिंपिक आले. खाशाबांचे वय बावीस. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. स्वतंत्र भारताचा हा पहिलाच ऑलिंपिक संघ.

इथे त्यांच्यापुढे एक अगदी नवा प्रश्न उभा राहिला. आयुष्यभर मातीत लढलेला मुलगा आता गादीवर, म्हणजे मॅटवर, आंतरराष्ट्रीय नियमांनी लढणार होता. दोन्ही कुस्त्याच, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर. मातीत पाय रुततो, चाल संथ असते, खडाखडी बराच वेळ चालते आणि समोरच्याला अस्मान दाखवले की निकाल लागतो. मॅटवर पाय झरझर सरकतात, पायांत बूट असतात, वेळ बांधलेली असते आणि चीत झाली नाही तर पंच गुणांवर कौल देतात. मातीत घामेजल्या अंगाला माती लावून पकड घेता येते. मॅटवर तो आधार नाही. सवयीचे डाव अर्धे निकामी होतात आणि उरलेले दुप्पट वेगाने टाकावे लागतात.

रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाकडून त्यांना लंडनपूर्वी थोडेफार मार्गदर्शन मिळाले. तेवढ्या शिदोरीवर ते ५२ किलो वजनगटात उतरले. ऑस्ट्रेलियाच्या मल्लाला त्यांनी पहिल्या काही मिनिटांतच हरवले, मग अमेरिकेच्या मल्लाला नमवले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांचे चालले नाही. अखेरीस सहावा क्रमांक. मॅटवरची जेमतेम ओळख असलेल्या मुलाने जगात सहावे यावे, ही सामान्य गोष्ट नव्हती. पण खाशाबांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. आपण कुठे कमी पडलो हे त्यांना कळले होते. ते परत आले ते पुढची चार वर्षे मनात आखूनच. ५२ किलोच्या गटातून ते ५७ किलोच्या गटात गेले, आणि मेहनत वाढवली.

आश्रय गेला, तेव्हा

या चार वर्षांत त्यांच्या भोवतालचे जग मात्र बदलले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. देशाच्या दृष्टीने ते योग्यच होते, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या दरबाराच्या आधाराने कोल्हापूरच्या तालमी पोसल्या गेल्या, तो आधार त्यामुळे आटला. नव्या सरकारपुढे फाळणी, अन्नटंचाई, निर्वासित असे डोंगराएवढे प्रश्न होते. खेळाडूंना घडवणारी, जपणारी व्यवस्था अजून जन्मालाच यायची होती. जुना आश्रयदाता गेलेला आणि नवा अजून आलेला नाही, अशा नेमक्या पोकळीत खाशाबांची ऐन उमेदीची वर्षे आली.

पहिली अडचण निवडीची. हेलसिंकीच्या निवडीत गुणांच्या हिशेबात आपल्यावर अन्याय झाला, असे खाशाबांचे म्हणणे होते. गप्प न बसता त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून आपली जागा मिळवली. कॉलेजात प्राचार्यांच्या दारात जाऊन उभा राहिलेला मुलगा आणि पतियाळाकडे दाद मागणारा हा तरुण एकच आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. नम्रपणा आणि हक्काची जाणीव यांच्यात विरोध नसतो, हेही त्याने तालमीतच शिकलेले असावे.

दुसरी अडचण पैशांची. फिनलंडला जाण्याचा खर्च कोठून आणायचा? सरकारदरबारी केलेल्या विनंत्यांना पुरेसे यश आले नाही. गावोगाव वर्गणी मागितली गेली. गोळेश्वर आणि परिसरातल्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे दिले. तरीही रक्कम भरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे करून दिले.

सात हजार रुपये म्हणजे १९५२ सालचे सात हजार. घर गहाण टाकणारा हा माणूस कोणी संस्थानिक नव्हता, कारखानदार नव्हता. तो शिक्षणक्षेत्रातला माणूस होता. खाशाबा त्यांचे नातेवाईक नव्हते. पदक मिळेल याची कोणीही हमी दिलेली नव्हती. त्या काळापर्यंत भारताच्या कुस्तीगिराला ऑलिंपिकचे पदक कधी मिळालेलेही नव्हते. अशा वेळी स्वतःच्या डोक्यावरचे छप्पर गहाण टाकायला काय काळीज लागत असेल? पदकावर नाव एकाचेच कोरलेले असते. पण प्राचार्य खर्डेकरांचे नाव त्याच्या मागच्या बाजूला आहे, असेच आपण समजले पाहिजे.

२३ जुलै १९५२

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांवर मात केली. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी याच्याशी. कुस्ती लांबली, दोघेही दमले, आणि अगदी थोडक्या गुणांनी खाशाबा हरले. हा इशी पुढे त्या गटाचा विजेता ठरला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला मिळालेले ऑलिंपिकचे ते पहिले सुवर्णपदक. म्हणजे खाशाबांनी झुंजवले ते कोणाला, हे लक्षात यावे.

या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर लगेचच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो दाखवून हक्क मागायला त्या वेळी भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेल्या अंगाने खाशाबा मॅटवर उतरले आणि हरले. मामेदबेकोवला रौप्य मिळाले, खाशाबांना कांस्य.

त्याच स्पर्धेत भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. हॉकीची परंपरा मोठी होती, तिचे कौतुकही मोठे झाले. पण एकट्याच्या बळावर मिळवलेले स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक पदक एका खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाने आणले होते. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचेच केशव माणगावे यांचे पदक थोडक्यात हुकले, हेही विसरता कामा नये. एकाच गावच्या मातीत घडलेले दोन मल्ल जगातल्या पहिल्या काही जणांत होते!

सरकारी सोहळा झाला नाही म्हणून लोकांनी स्वागत करायचे थांबवले नाही. कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ज्या वाटेने एरवी काही मिनिटांत गोळेश्वर गाठता येते, तिथे तासन् तास लागले. ढोल-ताशे, लेझीम, हलगी आणि गुलाल. वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला वाटत होते की या पदकात आपलाही वाटा आहे. आणि ते खरेच होते.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले? ते पुन्हा हौद्यात उतरले. कुस्त्यांची मैदाने भरवून मिळालेल्या पैशांतून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडवून दिले. मला विचाराल तर हेलसिंकीच्या लढतींइतकीच ही कुस्ती मोठी आहे.

नंतरची वर्षे

१९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. ऑलिंपिक पदक असूनही त्यांच्या बढतीची गाडी वर्षानुवर्षे रेंगाळली. खात्याच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, तरुण पोलिसांना शिकवले आणि सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या मशालदौडीत त्यांना मान मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले.

राज्याचा छत्रपती पुरस्कार त्यांना मिळाला तो १९९२-९३ सालचा, आणि अर्जुन पुरस्कार २००० सालचा. दोन्ही मरणोत्तर. हे लिहिताना कोणावर राग काढायचा हेतू नाही. पण जिवंतपणी एक शाबासकी मिळाली असती तर त्याचा उपयोग त्यांना तर झाला असताच, पण त्याहून जास्त झाला असता तो त्यांच्या मागून येणाऱ्या पोरांना. कारण तालमीतले पोर पदकाकडे बघत नाही. पदक मिळवलेल्या माणसाचे पुढे काय झाले, याकडे बघते. आणि त्याचे आई-बाप तर तेवढेच बघतात.

या उपेक्षेची किंमत किती, ते पुढचे आकडे सांगतात. खाशाबांनंतर भारताला ऑलिंपिकचे पुढचे वैयक्तिक पदक मिळाले ते १९९६ साली, टेनिसमध्ये लिअँडर पेसला. चव्वेचाळीस वर्षांनी. कुस्तीतले पुढचे पदक २००८ साली बीजिंगला सुशील कुमारने मिळवले. छप्पन वर्षांनी. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक पदक? त्यासाठी २०२४ चे पॅरिस उजाडावे लागले. कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. मध्ये बहात्तर वर्षे गेली होती.

खाशाबांचा ५७ किलोचा वजनगट मात्र भारताला पुन्हा फळला. टोकियोत, २०२१ साली, रवी दहियाने त्यात रौप्य मिळवले, तर पॅरिसला २०२४ मध्ये एकवीस वर्षांच्या अमन सेहरावतने कांस्य. दोघेही दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमच्या आखाड्यातले. आपल्याकडे बीड जिल्ह्यातल्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच गटात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळवले. म्हणजे माती अजून वांझ झालेली नाही.

हरियाणा-दिल्लीकडच्या मुलांना एवढे यश का मिळाले आणि आपल्याकडे खंड का पडला, याची चर्चा नेहमी होते. त्याचे एक उत्तर खाशाबांच्या लंडनच्या अनुभवात आहे. तिकडे मुले लहान वयातच मॅटवर गेली. आपल्याकडे जत्रेच्या फडाचे वैभव, इनामाची रक्कम आणि मानाची गदा मातीतच राहिली. पैलवानाचा संसार त्यावर चालत असल्याने त्याला दोष देता येत नाही. हल्ली महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात. जुने टाकू नये आणि नवे नाकारू नये, असा हा मध्यम मार्ग आहे. खाशाबांनी तो कोणी न सांगता १९४८ नंतरच धरला होता.

आपण काय घ्यायचे?

आपण मंडळी नोकरीधंद्यासाठी गाव सोडून इकडे आलो. आपल्या मुलांना हौदा, हलगी, रेवडीची कुस्ती हे शब्दसुद्धा समजावून सांगावे लागतात. आपल्या वसाहतीत तांबड्या मातीची तालीम उभी राहील, अशी आशा करणे भाबडेपणाचे ठरेल. पण खाशाबांना घडवणाऱ्या गोष्टींची यादी केली तर त्यांतल्या बऱ्याचशा कुठेही करता येण्यासारख्या आहेत, असे दिसेल.

वडिलांनी मुलाला खेळात उतरवले, पण एकाच खेळात कोंडले नाही. शाळेने मैदान दिले. गावाने लहान पोराच्या रेवडीच्या कुस्तीलाही टाळ्या वाजवल्या, मोठ्या कुस्तीची वाट बघत बसले नाही. एका शिक्षकाने अंगकाठी बघून नकार दिला, तर दुसऱ्याने संधी दिली. हरल्यावर त्याला कोणी घरात बसवले नाही. आणि जेव्हा राजाचा आश्रय संपला आणि सरकारचा सुरू झालेला नव्हता, तेव्हा मधल्या पोकळीत सामान्य माणसे उभी राहिली. कोणी रुपया दिला, कोणी घर दिले.

अशी पोकळी आजही प्रत्येक होतकरू खेळाडूच्या आयुष्यात येते. पदक मिळाल्यावर बक्षिसे मिळतात, नोकरी मिळते, सत्कार होतात. हे आता चांगलेच सुधारले आहे. अडते ते त्याच्या आधी. तेरा ते अठरा वयाच्या मुलाला, अजून कोणी ओळखत नसताना, बूट लागतात, दूध-बदाम लागतात, दूरच्या गावी स्पर्धेला जायला तिकीट लागते, दुखापत झाली तर डॉक्टर लागतो. तिथे सरकार पोचत नाही आणि प्रायोजक फिरकत नाही. तिथे पोचू शकतो तो शेजारी, शिक्षक, ऑफिसातला सहकारी आणि मंडळ.

दरवर्षी आपण वर्गणी काढतो, मखर सजवतो, मुलांच्या स्पर्धा घेतो, बक्षिसे वाटतो. त्याच वर्गणीतला एक लहानसा वाटा बाजूला ठेवून, या शहरातल्या एका तरी होतकरू मुलाचा किंवा मुलीचा वर्षभराचा खर्च उचलता आला तर? मूल मराठीच असले पाहिजे असेही नाही. ज्या शहराने आपल्याला पोटाला दिले, त्या शहरातले असले की पुरे. खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवले. आपल्याला तेवढे करण्याची गरज नाही. चार घरांनी मिळून एका मुलाच्या बुटांची आणि खुराकाची सोय केली तरी पुष्कळ झाले.

त्यातले कोणी पुढे ऑलिंपिकला जाईल की नाही, हे त्या गजाननालाच ठाऊक. गोळेश्वरच्या लोकांनाही १९५२ साली ते ठाऊक नव्हते. त्यांनी वर्गणी दिली ती पोर आपले आहे म्हणून.